फळ्यावरचा शेवटचा बिल्ला

माझ्या नवऱ्याला मोजता येत नाही, असं चौकशीच्या कागदावर लिहून ठेवलंय. आणि हा माणूस घरातून निघताना जिन्याच्या पायऱ्यासुद्धा मोजतो! चोवीस. एकतीस वर्षं मोजतोय, अजून पंचवीस झालेल्या नाहीत. बरं, मी टोकलं की म्हणणार, "असू दे गं, सवय आहे."

हे अग्निशमन दलात होते. आधी आगीत शिरायचे, गुडघा गेल्यावर फळ्यावर आले. फळ्याचं काम दिसायला सोपं. धुरात शिरणारा प्रत्येक जण गळ्यातला पितळी बिल्ला काढून फळेवाल्याकडे देतो. तो बिल्ला खिळ्याला अडकवायचा, शेजारी खडूने वेळ लिहायची, कुणाच्या पाठीवरच्या टाकीतली हवा कधी संपणार ते डोळ्यांत तेल घालून बघायचं. बाहेर आलेल्याने आपला बिल्ला आपल्या हाताने काढून न्यायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही. मग साहेब ओरडून विचारणार, "सगळे बाहेर?" फळा रिकामा असला तर हे ओरडणार, "सगळे बाहेर!" त्यानंतरच पुढचा हुकूम. एवढंच काम, पण या कामात माणसाला एकदाही चुकायची मुभा नाही.

नऊ वर्षांपूर्वी रंगाच्या गोदामाला दुपारी आग लागली. यांनी "सगळे बाहेर" म्हणून सांगितलं, आणि एक जण आत होता. वरून पाण्याचा मारा सुरू झाला, छप्पर बसलं. आत कुणी आहे हे कळायलाच अकरा मिनिटं गेली. गेला तो पोरगेलासा, हसरा माणूस होता. त्याची बायको आमच्या क्वार्टर्समध्ये सगळ्यांत लहान, म्हणून आम्ही तिला धाकटी म्हणायचो, अजूनही म्हणतो.

चौकशीत हे म्हणाले, "माझी मोजणी चुकली." बस्स. त्याच्या पुढे ब्र काढला नाही. यांना फळ्यावरून काढून सामानाच्या कोठीत बसवलं. निवृत्तीपर्यंत हे नळ्या आणि बूट मोजत बसले. एकही बूट इकडचा तिकडे झाला नाही हो कधी.

खरं काय ते घरी मला सांगितलं, आणि सांगायच्या आधी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून, कुणाला सांगणार नाहीस अशी शपथ घातली. उंच्या पहिला बाहेर आला. उंच्या म्हणजे यांच्याच तुकडीतला, ताडासारखा वाढलेला. आत तो आणि धाकटीचा नवरा जोडीने गेलेले. हवा संपत आल्याची टाकीची शिट्टी वाजत होती, खोकून बेजार झाला होता. यांच्यापुढे हात केला आणि म्हणाला, "दादा, दोन्ही द्या, तो माझ्या मागेच आहे." आणि यांनी दिले. एकदाच, उभ्या जन्मात एकदाच नियम मोडला, कारण मागेच आहे म्हटल्यावर आहेच, असं वाटलं. तो मागे नव्हता.

मी भडकले. म्हटलं, "अहो, मग सांगा ना तसं! निम्मी चूक त्याची आहे!"

"देणारा मी," हे म्हणाले. "आणि सांगून काय होणार? त्या पोरीला आता उंच्याशिवाय आहे कोण?"

ते मात्र खरं होतं. उंच्याने धाकटीचं घर खांद्यावर घेतलं होतं. तिचा नळ गळला की उंच्या पाना घेऊन हजर, तिच्या लेकीच्या शाळेत उंच्या, सासूला दवाखान्यात न्यायला उंच्या. धाकटी त्याला भाऊ म्हणते. मला तो समोर आला की अंगाचा तिळपापड व्हायचा. माझ्या नवऱ्याच्या गळ्यात दोष अडकवून हा भाऊपण मिरवतोय! पण शपथ घातलेली. चहा द्यायचे, साखर जरा कमी घालायचे, तेवढाच माझा सूड.

धाकटी दोन वर्षं आमच्याशी बोलली नाही. मग एक दिवस दारात उभी. म्हणाली, "ताई, मी एक दौड काढतेय. आगीत, अपघातात, लढाईत गेलेल्यांच्या आणि जायबंदी झालेल्यांच्या घरांसाठी. शेवटच्या रेषेवर मोजायला दादा हवेत." हे आत कांदा चिरत होते. बाहेर आले आणि नुसते उभे राहिले. ती म्हणाली, "दादा, चूक माणसाकडूनच होते." हे परत आत गेले ते तासभर बाहेर आलेच नाहीत.

तेव्हापासून दरवर्षी दौड होते. दलातले, रुग्णवाहिकेवरचे, निवृत्त सैनिक, त्यांच्या घरचे, सगळे येतात. पळतात म्हणायचं, निम्मे चालतात आणि फोटोवाला दिसला की पळतात. हे प्रत्येकाचा पत्र्याचा बिल्ला स्वतः बनवतात, आकडा ठोकतात. निघताना बिल्ला फळ्यावर, आल्यावर आपल्या हाताने काढून न्यायचा. शेवटी उंच्या मंडपातून ओरडतो, "सगळे बाहेर?" आणि हे ओरडतात, "सगळे बाहेर!" लोक टाळ्या वाजवतात. त्या दोन शब्दांसाठी माझा नवरा वर्षभर जगतो, हे मला ठाऊक आहे.

यंदा एक बिल्ला राहिला. दोनशे बारा.

साडेअकरा वाजले, ऊन चढलं, पाण्याची पिंपं पालथी पडली. शेवटच्या रेषेवरची हवा भरलेली कमान उतरवायला माणसं आली. हे फळा छातीशी धरून रस्त्याकडे बघत उभे. दोनशे बारा म्हणजे कुबडीवाले सुभेदार, एक पाय लाकडी, दरवर्षी शेवटी येतात पण येतात. मी म्हटलं, "अहो, चला आता. गुडघा बघा केवढा सुजलाय." दगडाला सांगितलं असतं तर दगड हलला असता.

शेवटी धाकटीने सुभेदारांच्या घरी फोन लावला. मग हसत आली. "दादा, ते घरी आहेत! निम्म्या वाटेत पाय दुखला म्हणून रुग्णवाहिकेने सोडलं. पाय वर करून झोपलेत चांगले. द्या तो बिल्ला, मी पोचवते."

आणि हात पुढे केला.

यांचा चेहराच बदलला. हे म्हणाले, "नाही. ज्याचा त्याने न्यायचा."

"अहो दादा, माणूस घरी आहे. मी बोलले त्यांच्याशी."

"तेव्हाही असाच दिला होता मी," हे म्हणाले.

बाहेर पडलं ते पडलं. यांनाही कळलं. गच्च ओठ मिटून घेतले, पण उशीर झाला होता. धाकटीचा हात तसाच राहिला. "कुणाला दिला होता?" तिने विचारलं. आवाज इतका हळू होता की मलाही नीट ऐकू आला नाही. "तुम्ही तर म्हणाला होतात मोजणी चुकली."

"चुकलीच. आठवत नाही आता."

"दादा, तुम्हाला आठवत नाही?"

मग तिने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्हाला तरी सांगितलं असेल."

नऊ वर्षं मी या प्रश्नाची वाट पाहिली होती. उत्तर घोकून ठेवलं होतं, भांडी घासताना, पोळ्या लाटताना. आणि आता तिच्या तोंडाकडे बघितलं. मी म्हणाले, "नाही गं, मला काही नाही सांगितलं." खोटं बोलले, तेही धड जमलं नाही.

तेवढ्यात मंडपातून उंच्या ओरडला, "काय दादा, सगळे बाहेर?" मग तो आलाच लांब ढांगा टाकत, घाम पुसत, हसत. त्याला कुठे काय माहीत! फळा बघितला, म्हणाला, "अरेच्चा, सुभेदार का? आणा इकडे, माझ्या वाटेवरच घर आहे त्यांचं." आणि बिल्ल्याला हात घातला.

"हात लावू नकोस!" हे किंचाळले. माझा नवरा, ज्याने घरात कधी आवाज चढवला नाही. फळा दोन्ही हातांनी छातीशी कवटाळून मागे सरकले, पडता पडता वाचले. "पुन्हा नाही द्यायचा मी तुला! पुन्हा नाही!"

कमान उतरवणारी माणसंसुद्धा थांबली. उंच्याचं हसू गेलं. त्याने धाकटीकडे पाहिलं, आणि त्याचं तोंड बघून जे उरलंसुरलं होतं तेही तिला कळलं. तो काहीतरी बोलायला गेला, "मला खरंच वाटलं तो माझ्या..." आणि तिथेच अडकला. एवढा उंच माणूस, पण कसा लहान दिसायला लागला. त्याचा हात फळ्यापुढे तसाच पसरलेला होता.

"भाऊ," धाकटी म्हणाली, "हात खाली घ्या."

तो गेला. ती मंडपातल्या खुर्च्या एकात एक घालायला लागली. मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे ताई, जमतंय मला." नऊ वर्षं मला जे हवं होतं ते झालं होतं, माझ्या नवऱ्यावरचा निम्मा डाग उतरला होता, आणि मला तो परत कुणावर तरी लावून टाकावासा वाटत होता. पण कुणावर लावणार?

दुसऱ्या दिवशी सुभेदार कुबडी टेकत, चोवीस पायऱ्या चढून आमच्या घरी आले आणि आपल्या हाताने बिल्ला काढून घेऊन गेले. फळा रिकामा झाला. हे काही ओरडले नाहीत. फळा माळ्यावर टाकला.

परवा मी धाकटीकडे गेले होते. तिने यांच्याबद्दल विचारलं, चहा केला, पोरीचा निकाल दाखवला. उंच्याचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. तो दोनदा येऊन दारातूनच परत गेला, असं तिच्या सासूबाई माझ्या कानात सांगत होत्या. स्वयंपाकघरात नळ गळत होता. मी म्हटलं, "अगं, दुरुस्त करून घे ना." ती म्हणाली, "बघू," आणि भरलेली बादली बाजूला ओढून नळाखाली दुसरी लावली.