अकराव्या खेपेचा स्फटिक

बनारसमधल्या दूधविनायकाच्या गल्लीत आठल्यांचं घर सात पिढ्या भिक्षुकीवर चाललेलं. वासुदेव आठल्ये विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात भट्टी सांभाळायला लागले, तेव्हा वडील वेणीमाधवभट म्हणाले, "अग्नीच हवा होता, तर मणिकर्णिकेच्या स्मशानात कमी होता का?" त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली.

काम तसं सोपं. लोखंडाच्या ऑक्साइडची कांडी दिव्यांच्या झोतात वितळवायची आणि तासाला दोन-तीन मिलिमीटर या बेतानं सरकवत थिजू द्यायची. नशीब असलं तर एकसंध स्फटिक मिळतो. मध्येच वीज गेली तर मिळतं भंगार. या वेळी दहा खेपा भंगारात गेल्या. अकराव्या खेपेला शेंगदाण्याएवढा, काळाभोर, निर्दोष स्फटिक निघाला. क्ष-किरणांत त्याची दिशा तपासून वासुदेवरावांनी, कोणती बाजू वर ठेवायची ते कळावं म्हणून, टोकावर लाल ठिपका दिला. ठिपका बायकोच्या, पद्माच्या, नेलपॉलिशचा. विभागाकडे त्यासाठी सोय नव्हती.

विभागप्रमुख प्रोफेसर देवव्रत मिश्र तो स्फटिक घेऊन मुंबईच्या अणुभट्टीकडे रवाना झाले. सोबत त्यांची विद्यार्थिनी मुक्ता. तिथे न्यूट्रॉनचा झोत मिळतो. प्रत्येक न्यूट्रॉन म्हणजे एक इवलासा चुंबक. सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला करून मोठ्या चुंबकात ठेवलेल्या स्फटिकावर सोडायचे, मग तोंडं उलटी करून पुन्हा सोडायचे. दोन्ही वेळच्या मोजणीत फरक पडला, तर आतलं चुंबकत्व कोणत्या अणूपाशी किती आहे ते कळतं. झोत मिळाला होता पाच दिवस. वासुदेवराव अर्थातच बनारसला राहिले. भट्टीवाल्याचं तिथे काय काम?

तिसऱ्या दिवशी सकाळी ते अहिल्याबाई घाटावर स्नान करून धोतर पिळत होते, तेवढ्यात फोन वाजला.

"वासुदेवजी, आपका क्रिस्टल तो मुर्दा निकला!" मिश्रसर कडाडले. दोन्ही मोजण्या सारख्याच येत होत्या.

वासुदेवरावांनी मणिकर्णिकेवरच्या धुराकडे एकदा पाहिलं. मुर्दा कसा असतो, याची त्यांना बऱ्यापैकी माहिती होती. त्यांनी मुक्ताला फोन लावला.

"ठिपका कोणत्या दिशेला आहे गं?"

"कसला ठिपका, काका?" मग जरा थांबून ती म्हणाली, "तो सरांनी अ‍ॅसिटोननं पुसला. म्हणाले, हे वासुदेवजी भटाचे भटच राहिले, स्फटिकालाही कुंकू लावतात."

"अगं, कुंकू कसलं! फोटो पाठव बघू."

ओल्या हातानं फोटो मोठा करत ते पायरीवरच बसले. हा स्फटिक त्यांनी इतका हाताळला होता, की ठिपका नसला तरी ओळख पटायला अडचण नव्हती.

"एक बाजू आरशासारखी चमकते ना? ठिपका तिथेच होता. ती आत्ता भिंतीकडे बघतेय. चुंबकाचं क्षेत्र उभं आहे, म्हणजे ती वर पाहिजे. आडव्या दिशेनं याचं चुंबकत्व वळत नाही. हट्टी आहे."

"सर म्हणतात, आता झोतातून काढायचा नाही."

"सर चहा प्यायला जात असतीलच ना?"

सर चहा पीत होते तेवढ्यात स्फटिक फिरला. दुसऱ्या दिवशी मुक्ताचा आवाज फोनमध्ये मावेना. एका मोजणीत शंभर, दुसरीत एकशे त्रेसष्ट! "काका, चुंबकत्व नुसतं लोखंडावर नाही, शेजारच्या ऑक्सिजनवरही सांडलंय!" वासुदेवरावांना आदल्या दिवसापासून जेवण गोड लागत नव्हतं. त्या दुपारी ते दोन पोळ्या जास्त जेवले. "मला पहिल्यापासून शंका होतीच," असं मिश्रसर परतल्यावर विभागात सगळ्यांना सांगू लागले. कसली, ते कोणी विचारलं नाही.

शोधनिबंधाच्या वेळी मुक्ता अडून बसली: काकांचं नाव लेखकांत हवंच. सरांनी उदार मनानं चौथ्या जागी घातलं. लेखक चारच होते. निबंध छापून आल्यावर कार्यालयातून वासुदेवरावांना पत्र आलं. तांत्रिक कर्मचाऱ्यानं पूर्वपरवानगीशिवाय लेखक झाल्याबद्दल सात दिवसांत खुलासा करावा.

त्यांनी हिंदीतून एका ओळीत खुलासा लिहिला, "गलती से सही निकल गया, आगे से ध्यान रखूँगा," आणि वळणदार सही ठोकली. कार्यालयातल्या कारकुनाला तो खुलासा इतका पसंत पडला, की त्यानं त्याची एक प्रत स्वतःसाठी काढून ठेवली.