पाळण्यावरच्या चिमण्या

बाभळीच्या फांदीवर कापसाचा बर्फ चढवायला खळ लागत नाही. काट्यांत कापूस आपोआप अडकून बसतो. हे आधीच सांगून टाकते, कारण नाताळचं झाड म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं मडमांच्या कार्डांवरचं ते हिरवं टोकदार झाड येतं. आमच्या सोलापुरात ते झाड कुणाच्या बापानं बघितलं नव्हतं. आमचं नाताळचं झाड बाभळीचं. बोटांतून रक्त यायचं, पण एकदा चढवलेला कापूस सण संपेपर्यंत हलायचा नाही. कुणाला हसू येत असेल तर खुशाल हसावं.

बाकीची सजावटही घरचीच. मोठी चांदणी पुरुष करायचे, दिवाळीच्या आकाशकंदिलासारखी, बांबूच्या कामट्यांवर पतंगी कागद ताणून. आम्ही पोरं जुन्या वह्यांच्या कागदाच्या साखळ्या करायचो. त्या चिकटवायला घरोघरी कणकेची खळ शिजायची. माझी आई त्यात चिमूटभर मोरचूद टाकायची, म्हणजे झुरळं आणि उंदीर खळीच्या वाटेला जात नसत. ही आईची सूतगिरणीतली शिकवण. ती रीळ खात्यात कामाला होती. रंगीत सुताचे तुटके दोरे ती अंबाड्यात खोवून घरी आणायची. फाटकावर बायकांची झडती व्हायची, पण अंबाडा सोडून बघायची अक्कल कुणाला झाली नाही. कुणी याला चोरी म्हणेल. मी म्हणत नाही. ते दोरे झाडून कचऱ्यातच जायचे.

त्या दोऱ्यांच्या आणि चिंध्यांच्या आई चिमण्या करायची. तिकोनी चिंधी दुमडून, आत कापूस भरून, लाल दोऱ्याची चोच काढून आणि डोळ्यांच्या जागी काळी गाठ मारून. अशा बारा चिमण्या एका गोल काडीला टांगल्या की झालं पाळण्यावरचं झुंबर. आमच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, आम्ही त्याला देऊळच म्हणायचो, नाताळच्या उपासनेला पुढं एक लाकडी पाळणा ठेवायचे. देवळाच्या मंडळीत त्या वर्षी जन्मलेलं सगळ्यात लहान बाळ त्यात निजवायचं आणि बायकांनी पाळणा म्हणायचा, अशी आमची रीत. त्या पाळण्यावर दरवर्षी नव्या चिमण्या लागत आणि त्या आईच्याच हातच्या असत. लग्न होऊन ती सोलापुरात आली तेव्हापासूनच. तेवढा एक दिवस माझी आई गिरणीतली बाई नसायची. लोक वळून वळून तिच्या हातचं काम बघायचे.

मी बारा वर्षांची असताना पावसाळ्यात माझे वडील तापानं गेले. त्यानंतरच्या नाताळची ही गोष्ट.

डिसेंबर लागला की एका रविवारी उपासनेनंतर देवळाच्या पडवीत बायका बसून कामं वाटून घ्यायच्या. वाटणारी एकच, मंडळीच्या पंचांची बायको. आम्ही सगळे तिला थोरली काकू म्हणायचो. बाई वाईट नव्हती, वडील आजारी असताना तिनं आम्हाला भाकऱ्या पाठवल्या होत्या. त्या वर्षी तिच्या सुनेला, लग्नानंतर सात वर्षांनी, मुलगा झाला होता. मंडळीत सगळ्यात लहान तोच. म्हणजे पाळण्यात तोच जाणार होता.

काकू आईला फार गोड आवाजात म्हणाली, "तू यंदा पताका कर, बाई. पाळण्याचं आमी सवाष्णी बघतो. तुला बी जरा इसावा."

आई "बरं" म्हणाली आणि पताकांचा कागद घेऊन उठली.

आता बघा. आम्हाला ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या झाल्या होत्या. कुंकू लावायचं आमच्या बायकांनी केव्हाच सोडलं होतं, पण कुणाचं पुसलं गेलं ते मात्र बरोबर ध्यानात ठेवायच्या. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ मी त्या दिवशी पडवीत बसलेला बघितला.

घरी येईपर्यंत मी धुमसत होते. आल्या आल्या म्हटलं, "तू गप का बसलीस? येशू काय सवाष्णींच्याच पोटी जन्माला येतो म्हणून लिहून ठेवलंय का कुठं?"

"गप बस."

"बापाला तू मारलंस का? तापानं मारलं."

आईनं चुलीत फुंकर घातली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "लेकराचा परश्न हाय. सात वर्सांनी झालंय त्येंला. उद्या काय झालं, तर? माझ्या हाताला काय लागलंय ते मला ठाव हाय."

तिथं माझं डोकं फिरलं. काकू तसं मानते, हे एक वेळ मी समजून घेतलं असतं. पण आईही तेच मानत होती. स्वतःच्या हातांना भीत होती. पहाटे भोंगा झाला की ज्या हातांनी ती भाकरी थापायची, दिवसभर दोरा सांधायची, संध्याकाळी माझी वेणी घालायची, त्याच हातांना. वेणी घालताना मला काही होत नव्हतं ते?

चिमण्या तिनं दिवाळीपासूनच करून ठेवल्या होत्या. बाराच्या बारा, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. दोन दिवसांनी ती डबा पुढ्यात घेऊन बसलेली दिसली, हातात कातरी. चिमण्या उसवून आतला कापूस उशीत भरणार होती. मी डबा ओढून घेतला आणि शेजारच्या मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवला. आई ओरडली नाही, पाठीमागंही आली नाही. तिला त्या उसवायच्या नव्हत्याच, असं मला तेव्हा वाटलं आणि आजही वाटतं.

नाताळच्या आदल्या दुपारी मी डबा घेऊन देवळात गेले. सवाष्णींनी पाळण्याला झिरमिळ्या लावल्या होत्या, पण चिमण्या कुणाला जमल्या नव्हत्या. एकीनं केलेल्या चिमण्या बटाट्यासारख्या दिसत होत्या. मी डबा उघडला आणि धडधडीत खोटं बोलले, "ह्या मी केल्यात."

काकूनं एक चिमणी हातात घेऊन उलटीपालटी केली. "आईचा हात उचललास की गं पोरी," म्हणाली आणि स्वतः स्टुलावर चढून तिनं झुंबर बांधलं. मी बाभळीला कापूस लावायला घेतला. आईचं काम पाळण्यावर लागलं, माझं काम झालं. एवढ्यावर भागलं असतंही.

पण दुसऱ्या दिवशी उपासनेत पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या पाद्रींनी, सजावट करणाऱ्यांचे आभार मानले. चांदणीवाल्यांचे मानले, पताकावाल्यांचे मानले, आणि मग म्हणाले, "यंदाच्या चिमण्या आपल्या एका लहान मुलीनं स्वतःच्या हातानं केल्या आहेत. बेटा, उभी राहा बघू."

मी उभी राहिले. सगळं देऊळ माझ्याकडं बघून हसत होतं. शेजारी आई मान खाली घालून बसली होती. तिच्या हातचं बघायला लोक दरवर्षी वळायचे आणि आज तेच लोक माझ्याकडं वळले होते. लाजेनं माझे कान तापले. चोरी मी केली होती, आणि तीही आईच्या हातांची.

"ह्या मी केलेल्या नाहीत," मी म्हटलं. "आईनं केल्यात. विधवेच्या हातच्या चालत नाहीत म्हणून मी खोटं बोलले."

हे इतकं स्पष्ट बोलायचं नसतं, हे मला ठाऊक होतं. म्हणूनच बोलले.

पाळकसाहेब पुस्तकाची पानं चाळायला लागले. थोरली काकू पुढच्या बाकावरून उठली आणि पाळण्याकडं निघाली, झुंबर सोडायला. माझ्या अंगाचा भडका उडाला. तेवढ्यात माझ्या शेजारून आईही उठली. मला वाटलं, आता बोलणार ती. पण तीही झुंबर सोडायलाच निघाली होती. दोघी दोन बाजूंनी पाळण्याकडं चालल्या होत्या, आणि त्या मिनिटाला मला काकूपेक्षा आईचा राग जास्त आला.

काकूची सून पाळण्याशेजारीच बाळाला घेऊन उभी होती. अंगानं काडी, तोंडातून शब्द न काढणारी बाई. तिनं सासूकडं बघितलं, माझ्या आईकडं बघितलं, आणि वाकून बाळ पाळण्यात ठेवलं. झुंबराच्या बरोबर खाली. मग सरळ उभी राहून दोरी हातात घेतली आणि एकटीच पाळणा म्हणायला लागली. आवाज बारीक, सूर पार चुकलेला. दुसऱ्या कडव्याला बाकीच्या बायका तिच्यात मिसळल्या. काकू अर्ध्या वाटेवरून परत फिरली, आईही.

घरी गेल्यावर आईनं मला मारलं. आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं. मी रडले नाही, माफीही मागितली नाही.

आता इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण उन्हाळ्याच्या तोंडाला शहरात गोवर आला आणि त्यानं काकूच्या नातवाला धरलं. काकू आम्हाला काही बोलली नाही. पण देवळात आमच्या बाकाकडं बघायची बंद झाली. बाकीच्या बायकांनी तर तोंडं शिवल्यासारखी केली. आईचं जेवण तुटलं. कामावर जाताना ती मुद्दाम लांबच्या वाटेनं काकूच्या घरावरून जायची आणि बाळाचा आवाज येतोय का, हे ऐकून मग गिरणीत जायची. आणि मी, भर देवळात तोंड वर करून बोलणारी? खरं सांगायचं तर मीही भ्याले होते. ते मी कुणाला कळू दिलं नाही.

एका रविवारी दुपारी आई म्हणाली, "चल. त्या चिमण्या आणू. जाळून टाकते."

"जाळायच्या नाहीत."

"पोर जातंय तिकडं. तुजा हट्ट बास झाला."

आम्ही देवळात गेलो. सजावटीची पेटी उघडली, साखळ्या होत्या, चांदणीच्या कामट्या होत्या, पण चिमण्या नव्हत्या. राखण करणारा म्हातारा म्हणाला, पंचांच्या घरून येऊन कुणीतरी नेल्या. आईचा चेहरा उतरला. आपल्या आधी काकूनंच त्या जाळल्या, असंच आम्हा दोघींना वाटलं. तरी आई तडक काकूच्या घराकडं निघाली. का निघाली, ते तिलाच ठाऊक. पाया पडायला असेल.

काकू दारातल्या कट्ट्यावर बसली होती. रडून तिचे डोळे सुजले होते. आई तिच्यासमोर जाऊन उभी राहिली. काकूनं तोंड फिरवलं आणि आतल्या बाजूला हात केला. "माझं ऐकत न्हाय सून. जा आत. तूच सांग तिला."

आत अंधारं होतं. पाळण्याच्या दांडीला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता, तो सगळ्याच जातीधर्मांत बांधतात. आणि डहाळ्याशेजारी आमचं झुंबर होतं. बारा चिमण्या, एकही कमी नाही. खाली ते पोरगं अंगभर पुरळ घेऊन निजलं होतं. निजलं कसलं, टक्क जागं होतं आणि वर बघत होतं.

आईनं झुंबराकडं हात नेला.

"राहू द्या, मावशी," सून म्हणाली. ती भिंतीला टेकून बसली होती, डोळे खोल गेलेले. "त्येंच्याकडं बघतंय तवर रडत न्हाय. मीच आणल्या मागून. सासूबाई लई बोलल्या, बोलू द्या."

"अगं, पण माझ्या हातच्या हायत त्या," आई म्हणाली.

"व्हय. ठाव हाय की मला. बसा जरा, दोरी धरा. माझे हात पार गळाले."

आई तशीच उभी राहिली. बाहेर काकूनं नाक ओढलेलं ऐकू आलं. मग आई खाली बसली, पदराला हात पुसले आणि पाळण्याची दोरी धरली.

ही हकिकत मी सांगते तेव्हा लोक हमखास विचारतात, मग ते पोर वाचलं का? माझ्या सुनाही विचारतात. मी सांगत नाही. वाचलं असेल तर आईचे हात चांगले, आणि गेलं असेल तर काकूचं खरं, असं तुम्ही मनात ठरवून ठेवलेलं असतं. गोवरात पोरं वाचतात आणि जातातही, सवाष्णींच्या घरची आणि विधवांच्या घरची, सारखीच. त्या उत्तरावर माझ्या आईची परीक्षा मी तेव्हा घेऊ दिली नाही आणि आताही देणार नाही. हवं तर माझ्यावर रागवा.

एवढंच सांगते की त्या दुपारी दिवस मावळेपर्यंत आई दोरी ओढत होती, आणि सून तिच्या शेजारी जमिनीवर गाढ झोपली होती.