ओनोदेरांची मूळ पट्टी

पट्टी उतरवून गाणं म्हणजे साकेच्या दारूत पाणी घालून पिणं, असं ओनोदेरा तोकुजींनी भर दुकानात ठणकावून सांगितलं, आणि त्याच दुपारी मालकीण फुसाएने कराओकेच्या रिमोटचं बटण दाबून त्यांची पट्टी गुपचूप एक पायरी खाली आणली. ओनोदेरा गायले, टाळ्या पडल्या, आणि छाती फुगवून ते म्हणाले, "बघितलंत? मूळ पट्टी!"

ते बसच्या नोकरीतून निवृत्त झाले त्या वर्षाची ही गोष्ट. पुढे एकाच्या दोन पायऱ्या झाल्या, दोनाच्या तीन, आणि गेल्या काही हिवाळ्यांपासून चार. माणसाचा गळा म्हणजे काही लोणच्याची बरणी नव्हे, ठेवला आणि मुरत गेला! वय झालं की आवाज उतरणारच, त्यात लाजायचं काय? पण हे ओनोदेरांना सांगणार कोण?

पंचाईत एवढीच होती की किती पायऱ्या उतरवल्या तो आकडा कराओकेच्या पडद्यावर उजव्या कोपऱ्यात दिसतो. फुसाएने जाड कापडाचा एक हिरवा बेडूक शिवला आणि त्या कोपऱ्यावर चिकटवून टाकला. कुणी विचारलं तर म्हणायची, "शुभ असतो. गिऱ्हाईक परत आणतो." दुपारच्या नेहमीच्या मंडळींना खरं काय ते ठाऊक होतं. पण एकानेही कधी तोंड उघडलं नाही. आमच्या साकाता गावची माणसं तोंडाने फटकळ असतील, पण कुणाचा मान जाईल असं वागायची नाहीत.

फुसाएचं दुकान, ‘हामानासु’, बंदराच्या मागच्या गल्लीत. उघडं दुपारी बारा ते पाच. चहा, भाताचे गोळे, वांग्याचं लोणचं आणि गाणी. पिऊन पडणाऱ्यांचं झेंगट तिला नको होतं. आधीची कितीतरी वर्षं तिने डबाबंद मासळीच्या कारखान्यात माकूळ सोलण्यात घालवली. नवरा जहाजावर आचारी. एकदा होक्काइदोला उतरला तो तिथल्याच एकीजवळ राहिला. "बरंच झालं," फुसाए म्हणते, "मेल्याला सूर म्हणून नव्हता." आणि खो खो हसते. रडली असेल तेव्हा रडली असेल, आता हसते.

गिऱ्हाईक दारात चपला काढताना "काय वारा सुटलाय!" म्हणालं, की तेवढ्यावरून तिला कळायचं की आज याचा गळा कुठवर चढणार. चहा ठेवता ठेवता ती बटण दाबून मोकळी.

ओनोदेरा गायचे ती मिनेगिशीची गाणी. मिनेगिशी म्हणजे स्वतःच लिहिणारा, स्वतःच चाल लावणारा आणि गिटार घेऊन स्वतःच गाणारा, या मंडळींच्या ऐन जवानीत सगळ्यांना रडवणारा तो. त्यातलं ‘बर्फातला थांबा’ हे ओनोदेरांचं. ‘त्यांचं’ म्हणजे असं की ‘हामानासु’त ते गाणं दुसरं कुणी मागत नाही, ओनोदेरा आलेले नसले तरी नाही. मुलगी बसमध्ये बसून निघून जाते आणि तो आपल्या पावलांवर बर्फ साचेपर्यंत तिथेच उभा राहतो, एवढीच गोष्ट. पण तिसऱ्या कडव्यात सूर असा उंच चढतो की ऐकणाऱ्याचाही श्वास अडकावा.

तर त्या वसंतात ओनोदेरा आले ते हवेतच.

"आमच्या चिनात्सुचं लग्न ठरलं! जूनमध्ये, सेंदाईला. नातीने स्पष्ट सांगितलंय, आजोबांनी ‘बर्फातला थांबा’ म्हटलंच पाहिजे. मी म्हटलं, म्हणेन. मूळ पट्टीत!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फुसाएने पण वाजवल्या, पण तिची नजर बेडकाकडे गेली. ओनोदेरा गेल्यावर औषधवाल्यांची किनुबाई तिच्या कानाशी लागली.

"अगं फुसाए, आता काय करशील? सेंदाईला तुझा बेडूक नाही."

"माहितेय."

"तिसऱ्या कडव्याला आवाज फाटेल म्हातारबाबांचा. शे-दीडशे माणसांत! नवऱ्या मुलाकडची माणसं फिदीफिदी हसतील."

"माहितेय गं बाई! जखमेवर मीठ नको चोळूस."

"मग सांगून टाक."

"काय सांगू? इतकी वर्षं तुम्हाला फसवलं म्हणून? माणूस परत पायरी चढेल माझी?"

खरं सांगायचं तर ओनोदेरा आले नसते तर दुकानाचं काहीच बिघडलं नसतं. बिघडलं असतं ते फुसाएचं. कारखान्याच्या दिवसांत ती ओनोदेरांच्या बसने घरी जायची, अगदी शेवटच्या थांब्यापर्यंत. गाडी तिथे थोडा वेळ उभी राहायची. अंगाला माकुळाचा वास, म्हणून ती आपली सगळ्यात मागे बसायची. पुढे ड्रायव्हर हलक्या आवाजात ‘बर्फातला थांबा’ म्हणायचा. तिसऱ्या कडव्यात तो आवाज कसा लखलखीत वर जायचा ते तिलाच ठाऊक. नवरा गेला त्या हिवाळ्यात त्या आवाजानेच तिला तारलं. हे तिने त्यांना कधी सांगितलं नव्हतं. काय म्हणून सांगायचं?

पण लग्नात त्यांची शोभा होऊ देणं? छे! मनाचा हिय्या करून गुरुवारी तिने दुकान उघडण्याआधी बेडूक उपटला आणि एप्रनच्या खिशात कोंबला.

ओनोदेरा आले, चहा प्याले, माइक घेऊन उभे राहिले. फुसाएने नेहमीसारखं बटण दाबलं. पडद्याच्या कोपऱ्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, ‘उणे चार’ उमटलं. किनुबाईच्या हातातला भाताचा गोळा हातातच राहिला.

ओनोदेरांनी आकडा पाहिला. फुसाएकडे पाहिलं. आणि गायले. पहिलं कडवं, दुसरं कडवं, तिसरं. गाणं संपलं. ओनोदेरांनी माइक खाली ठेवला, चष्मा पुसला आणि विचारलं, "बेडूक कुठे गेला?"

फुसाएच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. "माफ करा हो. मी तुम्हाला फसवलं. पहिल्या दिवसापासून..."

"फुसाए-सान, मी उभा जन्म इंजिनाचा आवाज ऐकून गिअर टाकले. तुम्ही मला खालच्या गिअरवर आणलंत ते मला त्याच दुपारी कळलं."

"कळलं? मग बोलला का नाहीत?"

"काय बोलणार कपाळ! साकेमध्ये पाणी घालू नये म्हणून नुकतीच बोंब मारली होती." ओनोदेरा कानापर्यंत लाल झाले. "आणि गोड लागलं हो ते पाणी. माझी अब्रू राहावी म्हणून कुणी बसून बेडूक शिवतं? आमच्या येएकोने लग्नापासून माझ्यासाठी बटणसुद्धा शिवलेलं नाही."

किनुबाई फिस्सकन हसली, आणि मग अख्खं दुकान.

"आता बोलतोच आहे तर ऐका," ओनोदेरा म्हणाले, "चारावर भागत नाही. तिसऱ्या कडव्यात जीव जातो माझा. तुम्ही पाचावर कधी आणताय म्हणून केव्हाची वाट बघतोय!"

"अहो, मग मागायचं होतं!"

"कुठल्या तोंडाने मागू? तुम्ही असं करा, सेंदाईला चला. तिथलं कुठलं पोरगं बटण दाबणार, त्याला माझ्या गळ्याचं काय कळतंय? चिनात्सुला मी तुमची खुर्ची धरायला सांगितलीय."

मग मात्र फुसाएला राहवेना. तिने बसची ती सगळी हकिगत सांगितली, मागची सीट, शेवटचा थांबा, तो हिवाळा. ओनोदेरा तोंडाचा आ करून ऐकत राहिले.

"म्हणजे ती मागे झोपलेली बाई तुम्ही?"

"झोपलेली नव्हते. डोळे उघडले तर तुम्ही गायचं थांबवाल अशी भीती वाटायची."

"अरे देवा! आणि मी गाणं लांबवायचो. म्हणायचो, दमलीय बिचारी, झोपू दे अजून जरा."

जूनमध्ये फुसाए किनुबाईचे मोती घालून सेंदाईला गेली. येएको-सानने दारातच तिचे दोन्ही हात धरले. "दुपारचं या माणसाला सांभाळता, फार उपकार आहेत तुमचे. मला ते गाणं आता स्वप्नातसुद्धा नको." ओनोदेरा माइक घेऊन उभे राहिले, वाकून पाहुण्यांचे दोन शब्दांत आभार मानले, आणि त्या दोन शब्दांतच फुसाएला ऐकू आलं की म्हाताऱ्याचा गळा दाटलाय, आज पाचावर भागणार नाही. तिने बटण सहा वेळा दाबलं. भिंतीएवढ्या पडद्यावर भोपळ्याएवढा आकडा आला.

"उणे सहा?" नवऱ्या मुलाचा काका मोठ्याने हसला.

"मूळ पट्टी आहे," ओनोदेरा माइकमधून म्हणाले, आणि सुरू झाले.

तिसरं कडवं आलं. सूर चढला, थरथरला, आणि पोचला. चिनात्सु पांढऱ्या पोशाखाच्या बाहीने डोळे पुसत होती. फुसाएने रिमोट मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले. ओनोदेरांनी ते पाहिलं. यंत्रावरचं संगीत संपलं होतं, तरी शेवटची ओळ त्यांनी पुन्हा एकदा म्हटली, हळूच.