संध्याकाळचं माप

नव्वदच्या दशकाचा शेवट. मंगळवार पेठेत मी बायकांची ब्लाउजं शिवायचे, आणि माझी पोरगी नववीत होती. एका संध्याकाळी तिच्या शाळेच्या स्कर्टचा हूक लागेना, तेव्हा माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. अंगानं पोरगी काडी, फुगलेलं नुसतं पोट. त्यात त्या महिन्यात ती बाजूलाही बसली नव्हती. आमच्यात पाळी आली की चार दिवस बाजूला बसायचं, त्यामुळं घरात ते वेगळं सांगावं लागायचं नाही, दिसायचंच. या खेपेला दिसलं नाही.

दिवस गेले पोरीला, दुसरं काय! माझं डोकंच फिरलं. पण विचारायला जीभ रेटेना, म्हणून पाळत ठेवली. दप्तर उचकटलं, वह्यांची मागची पानं वाचली, शिकवणीला कोण कोण पोरं येतात ते काढलं. रोज शेवटचं गिऱ्हाईक गेलं की "नवा स्कर्ट शिवायचाय, ये हिकडं" म्हणायचे आणि तिच्या कमरेला टेप लावायचे. दोन इंच जास्त. मग तीन.

नुकतंच लेकीचं लग्न उरकून मुरगूडची माझी थोरली बहीण आली होती. तिनं पोरीला एकदा खालवर बघितलं आणि माझ्या कानाशी लागली, "आदी शाळा बंद कर. स्थळ बघूया."

आठ दिवस पोरगी घरात कोंडली. ती भांडली नाही की रडली नाही, कोपऱ्यात बसून नुसते आवंढे गिळायची. मला वाटलं, पाप गिळतीय.

शेवटी ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून लांबच्या एका डॉक्टरीणबाईंकडं नेली. त्यांनी पोटावर बोटं वाजवली, मग बराच वेळ तिच्या गळ्याकडं बघत राहिल्या.

"सकाळी पोट कसं असतं गं?"

"सपाट," पोरगी म्हणाली.

सकाळी मी टेप कधी लावलीच नव्हती!

"हवा गिळते ही," बाई म्हणाल्या. "पोटात वारं आहे नुसतं. अशी पोरं माझ्याकडे नेहमी येतात, अगदी लहानही आणि हिच्याएवढीही. घरचे जंताचं औषध पाजत बसतात."

"आणि हिची पाळी?" मी हट्टानं विचारलं.

"आलती की," पोरगी म्हणाली. "मावशीच्या घरी, ताईच्या हळदीदिवशी. सांगितलं असतं तर बाजूला बसवलं असतंस. मला हळद खेळायची हुती."

देवाशप्पथ, मला हसूही आलं आणि रडूही. चला, सुटलो म्हणून मी पर्स उचलली.

तेवढ्यात बाईंनी विचारलं, "जास्त कधी गिळतेस?"

पोरीनं माझ्याकडं बघितलं आणि आवंढा गिळला.

"आई टेप घिऊन आली की."

दुसऱ्या दिवशी ती शाळेला निघाली. ती स्कर्टचा हूक लावत असताना मी तिच्याकडं पाठ करून मशीनवर बसले.