पदवीच्या आराखड्यातली बांधी

रामटेके बाईंना मी पहिल्यांदा भेटलो तो एका रुग्णाचा भाऊ म्हणून. माझी थोरली बहीण सुमनताई शेतातल्या बांधावरून घसरून पडली आणि तिच्या मांडीचं हाड मोडलं. नागपूरला शस्त्रक्रिया झाली, हाड जुळलं, बरी झाल्याचं लिहूनही मिळालं. पण गावी आल्यावर ताई दिवसभर खाटेवर बसून राहायची. शेवटी तिला ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात फिजिओथेरपीच्या खोलीत नेलं. तिथे सुती साडी नेसलेल्या एका बाईंनी नागपूरचे कागद शांतपणे वाचले.

"सुमनबाई, तुम्हाला जिना चढता येतो असं यात लिहिलंय. घरी जिना आहे?"

"जिना कायचा जी? कवेलूचं घर आमचं."

"मग घरी काय काय करता, ते सांगा."

"पहिले समदंच करत होतो. आता चुलीपाशी बसता नाई येत, बांधीत उतरता नाई येत. मारोतीले नमस्कार करतो, तोबी उभ्यानं. तो काय म्हणत असन?"

"तो काही म्हणत नसेल," बाई हसून म्हणाल्या, "पण तुम्हाला खाली बसता आलं पाहिजे. आणि उठताही."

बांधी म्हणजे चहूबाजूंनी बांध घातलेलं धानाचं शेत. रोवणीच्या दिवसांत तिथे पोटरीपर्यंत चिखल असतो आणि त्यात वाकून, मागे सरकत रोपं लावायची असतात. फरशीवर चालणारा पाय तिथे चालेलच असं नाही. बाईंनी ताईकडून काही आठवडे व्यायाम करून घेतले. मग दवाखान्यामागे पाण्याच्या टाकीखाली साचलेल्या चिखलात तिला हाताला धरून उभं केलं. साडीचा काठ भिजला, त्याची त्यांना पर्वा नव्हती. पुढच्या पावसाळ्यात ताई रोवणीला उतरली, आणि त्याआधी मारोतीपुढे गुडघे टेकून आली.

त्यानंतर काही वर्षांनी आमच्या महाविद्यालयाने सहयोगी आरोग्य विज्ञानाची पदवी सुरू करायचं ठरवलं. डॉक्टर आणि परिचारिका यांच्याखेरीज दवाखाना ज्यांच्यावर चालतो, म्हणजे रक्त तपासणारे, एक्स-रे काढणारे, डायलिसिसचं यंत्र सांभाळणारे, व्यायाम करवून घेणारे, त्यांचं हे शिक्षण. आराखडा करण्यासाठी संस्थेने रामटेके बाईंना बोलावलं. मी प्राणिशास्त्र शिकवतो, म्हणून पहिल्या वर्षाच्या शरीररचनेच्या भागासाठी मला त्यांच्या हाताखाली दिलं. आयुष्यात मला मिळालेल्या थोड्या चांगल्या गोष्टींत मी याची गणना करतो.

पहिल्या बैठकीत आम्ही मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयांचे अभ्यासक्रम पुढ्यात मांडून बसलो होतो. बाईंनी विचारलं, "आपल्याकडे आजारी कोण पडतं?" ते पाहायला पुढचे दोन महिने त्या आम्हाला घेऊन फिरल्या. घुग्घुसच्या खाणीतून पाळी संपवून मोटारसायकलने निघालेल्या कामगारांना त्यांनी पाठीबद्दल विचारलं, मोहर्लीला पर्यटकांना जंगल दाखवत जिप्सी चालवणाऱ्यांना मानेबद्दल. कोरचीकडच्या एका आरोग्य केंद्रात पेटीतून न काढलेलं यंत्र होतं, कारण चालवणारं कोणी नव्हतं. परतताना सामायिक जीपमध्ये मागच्या बाकावर बसून त्या आराखड्याचं बोलत. वार्षिक परीक्षा आम्ही रोवणीच्या ऐन तोंडावर ठेवली होती. "पोरी पेपर सोडतील, रोवणी सोडणार नाहीत," असं म्हणून त्यांनी ती हलवली. आम्ही सगळे शेतकऱ्यांचीच मुलं, पण कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बाईंचे वडील जंगल खात्यात चौकीदार होते. नागपूरला शिकून, तिथल्या चांगल्या नोकऱ्या नाकारून त्या परत आल्या. त्या रोज विहारात जाऊन वंदना करतात, मी संध्याकाळी देवापुढे दिवा लावतो. इतक्या वर्षांत श्रद्धेवर आमचा वाद कधी झाला नाही. माझी आई शेवटच्या आजारात अंथरुणाला खिळली, तेव्हा बाई दर रविवारी बसने आमच्या गावी येत आणि तिला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम कशी होऊ द्यायची नाही, हे माझ्या पत्नीला शिकवत. आई त्यांना म्हणायची, "तू माह्या सुनेले डॉक्टरीण करून राह्यली." आईच्या पाठीला अखेरपर्यंत जखम झाली नाही.

आराखड्यातली एक गोष्ट मात्र सगळ्यांना खटकली. फिजिओथेरपीच्या प्रयोगशाळेला लागून बाईंनी एक छोटी बांधी मागितली. खरी, चिखलाची. रुग्णाला फरशीवर चालवून झालं की तिथे उतरवायचं आणि विद्यार्थ्यांनी त्याचा पाय कुठे अडतो ते पाहायचं. प्रयोगशाळेत रुग्णांना धरून चालायला सागाचे दांडे करणारे आमचे सुतार शकीलभाई ती खोदली जाताना पाहून म्हणाले, "बाई, कॉलेज बनवून राह्यल्या का धान लावून राह्यल्या?"

"दोन्ही, शकीलभाई. पीक आलं की अर्धं तुमचं."

"मंग पगार धानातच देता का काय?"

पदवीच्या मंजुरीसाठी तपासणी समिती यायची होती, त्याच्या आदल्या आठवड्यात प्राचार्यांचा धीर सुटला. संस्थेने त्यांना बजावलं होतं की यंदा मंजुरी मिळाली नाही, तर ही इमारत दुसऱ्या अभ्यासक्रमाला जाईल. म्हणजे इथल्या मुलांना हे शिकायचं तर नागपूर, नाहीतर पुणे. आणि मुलींना बहुतेक घरांतून तेही नाही.

"बाई, ते लोकं हासतील आपल्याले," प्राचार्य म्हणाले. "मुरूम टाकून बुजवू. मंजुरी आली का पुन्हा खोदा ना. काऊन जिद्द करता?"

"सर, आज बुजवली तर ती पुन्हा कोणी खोदणार नाही. मुरूम टाकायचा तर टाका, पण आधी आराखड्यावरून माझं नाव काढा."

बांधी राहिली, पण तिच्याभोवती प्राचार्यांनी झेंडूच्या कुंड्या मांडल्या.

समितीतल्या ज्येष्ठ सदस्यांनी कुंड्यांवरून आत डोकावून विचारलं, "ही रोपवाटिका का?" बाईंनी सगळं समजावलं. मग बाईंच्या बोलावण्यावरून आलेली सुमनताई पदर खोचून चिखलात उतरली आणि वाकून मागे सरकत गेली. ते सदस्य हसले नाहीत. पण त्यांनी विचारलं, "यांचा पाय आता बरा आहे. ज्याचा नाही, तो इथे घसरला तर?"

खोलीतले दांडे उंबरठ्यापाशी संपत होते, बांधीत आधाराला काहीच नव्हतं.

"तुमचं बरोबर आहे," बाई म्हणाल्या. "रुग्णाचा हात मी स्वतः धरत आले, म्हणून मला ते सुचलं नाही. पण मी प्रत्येकाजवळ नसणार. आधार करून घेते."

दुसऱ्याच दिवशी शकीलभाईंनी बांधीत दोन्ही बाजूंना दांडे रोवले. मंजुरी आली तेव्हा अभ्यासक्रमात बांधी कायम होती. प्राचार्यांनी पेढे वाटले आणि पहिला शकीलभाईंना दिला.

ती पहिली तुकडी आता शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या हिवाळ्यात बाईंचा घोटा मोडला. प्लास्टर निघाल्यावर त्या आमच्याच प्रयोगशाळेत रुग्ण म्हणून आल्या. धानोऱ्याकडची एक विद्यार्थिनी समोर बसली. आपल्याच बाईंना तपासायचं म्हणून ती घाबरली होती. तिने कागद पाहिले, बाजूला ठेवले आणि विचारलं, "बाई, घरी काय काय करता तुम्ही?"

बाई म्हणाल्या, "विहारात खाली बसून वंदना करते. सध्या खुर्ची लागते."

"खुर्ची सोडवू आपण," ती म्हणाली. काही आठवड्यांनी तिने बाईंना दांडे धरायला लावून बांधीत उतरवलं. बाई काही सुचवायला गेल्या, तेव्हा ती म्हणाली, "बोलू नका जी, पायाकडे ध्यान द्या."

बाई आता साठ वर्षांच्या झाल्या. परवा विहारात त्यांना मांडी घालून बसलेलं आणि कशाचाही आधार न घेता उठलेलं मी पाहिलं. बसणं आणि उठणं त्यांचं असंच पुढची कितीतरी वर्षं चालो, एवढंच मी रोज दिव्यापुढे मागतो. सुमनताईनेही मारोतीपुढे हेच मागितलं आहे, गुडघे टेकून.