काशिनाथचा कोयता आणि मेथीची जुडी

"गुन्हा कबूल करून टाका. साहेब किरकोळ दंड करतील. दुपारची पेठ गाडी मिळेल तुम्हाला."

नाशिकच्या कोर्टाच्या व्हरांड्यात उभं राहून हे वाक्य मी त्या आठवड्यात बऱ्याच जणांना ऐकवलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काशिनाथ भोयेंनी डोलावली नाही.

"कबूल नाय करायचा, बाई."

"अहो, पण कोयता होता ना तुमच्याकडे?"

"होता की. कमरेलाच होता. कबूल केला तर मी गुन्हेगार. गुन्हेगाराला पोलीस पाटील कोन करील?"

नव्वदच्या दशकाच्या मधली ही गोष्ट. माझी वकिली नवी होती आणि आत्मविश्वास त्याहून नवा. काशिनाथभाऊ पेठकडच्या डोंगरातले. नागली, म्हणजे नाचणी, आणि भात पिकवणारे. त्यांच्या गावात पोलीस पाटलाची जागा निघाली होती. पोलीस पाटील म्हणजे गावात राहून पोलिसांचं काम बघणारा माणूस. त्याच्या नावावर गुन्हा असून चालत नाही. तर या जागेचा अर्ज प्रांत ऑफिसात द्यायला काशिनाथभाऊ पहिल्यांदा एकटे नाशिकला आले, स्टँडवर उतरले, आणि अर्ज पोचायच्या आधी स्वतःच पोलीस स्टेशनला पोचले.

कायदा असा होता. मुंबई पोलीस कायद्याचं कलम सदतीस. गडबडीचे दिवस असले, सण असले, निवडणुका असल्या, की शहराचे पोलीस आयुक्त हुकूम काढतात : तलवार, सुरा, काठी, असलं काही घेऊन फिरायचं नाही. हुकूम पंधरा दिवसांचा. संपला की पुन्हा पंधरा दिवसांचा. पण तो फक्त शहराच्या हद्दीपुरता. ग्रामीण भागासाठी हुकूम काढायचा तर तो जिल्हाधिकाऱ्यांनी, आणि तेव्हा त्यांनी काढलेला नव्हता.

पेठ रोडवर शहराची हद्द संपते तिथे भिंत नाही, कुंपण नाही. एक पाटी आहे. काशिनाथभाऊ एसटीत खिडकीशी बसलेले, कोयता कमरेला. पाटी मागे गेली आणि अवजाराचं बसल्या जागी शस्त्र झालं. कंडक्टरने काही सांगितलं नाही.

रात्री मी पुस्तकं काढून बसले. नवरा एकलहऱ्याच्या पॉवर स्टेशनमध्ये इंजिनिअर. त्याने विचारलं, "कोयता होता?"

"होता."

"हुकूम होता?"

"होता."

"मग तू काय करणार?"

"तेच बघतेय."

"बघ," म्हणाला आणि सकाळच्या शिफ्टसाठी झोपायला गेला.

पुस्तकात एवढंच सापडलं, की देशाच्या शस्त्र कायद्यात नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांवर बंधनं आहेत, पण शेतीची आणि घरकामाची अवजारं त्यातून वगळली आहेत. आयुक्तांच्या हुकुमात अशी सूट नव्हती. म्हणजे एकाच कोयत्याला दिल्लीचा कायदा सोडतो आणि नाशिकचा हुकूम धरतो.

शेवटी मी काशिनाथभाऊंनाच विचारलं, "कोयता नेता कसा तुम्ही?"

ते पाठमोरे उभे राहिले. कमरेला मागे लाकडाची आकडी बांधलेली होती, नुसती. तिच्यात कोयता अडकवतात. झाड तोडताना, शेळ्यांना पाला काढताना हात मागे जातो आणि कोयता हातात येतो. तिकडचा बाप्या आकडीशिवाय घराबाहेर पडत नाही. कोयता जप्त झाला तरी सवयीने आकडी बांधूनच ते कोर्टात आले होते.

तारखेला हवालदार साक्षीला आले. भरघोस मिशा, शांत चेहरा. टेबलावर कोयता, त्याला लेबल.

"हवालदारसाहेब, कोयता कुठे होता?"

"कमरेला. मागच्या बाजूला."

"शर्टाच्या आत?"

"नाही, बाहेर. लाकडाच्या आकडीत."

"म्हणजे लांबून दिसत होता?"

"दिसला म्हणून तर धरला."

मागच्या बाकावर कुणीतरी हसलं.

"तुम्हाला बघून हे पळाले का?"

माणूस प्रामाणिक होता. "नाही. मलाच येऊन विचारलं, प्रांत ऑफिस कुठं आहे."

आता मागचे सगळेच बाक हसले. मला चेव आला. युक्तिवादात मी हात उंचावून म्हणाले, "सर, जो लपवून नेतो तो शस्त्र नेतो. जो उघडं नेतो तो अवजार नेतो!"

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "याला काही साइटेशन?" म्हणजे वरच्या कोर्टाचा एखादा निकाल.

"नाही सर."

"मग पुढे चला."

पण काशिनाथभाऊ निर्दोष सुटले. शेतकऱ्याकडे शेतीचं अवजार, सरकारी कामाला आलेला, पेठला हुकूम कुणी कळवलेला नाही, हेतू वाईट नाही, असं निकालात होतं. माझं वाक्य नव्हतं.

अपिलाची मुदत सरली आणि कोयता परत मिळाला. तोवर काशिनाथभाऊंची मुलाखत चार दिवसांवर आली होती. कोयता मी पुढे केला तर ते दोन पावलं मागे सरकले.

"बाई, हुकूम अजून हाय ना?"

"आहे."

"मग मी नाय नेणार. परत धरला तर परत केस. तुम्हीच आणा पाटीच्या पल्याड. मी चहाच्या टपरीवर बसतो."

"आणते की. मला कोण अडवतंय!"

कोयता एक रात्र आमच्या घरी राहिला. सासूबाईंनी त्याने नारळ फोडला आणि "असा आपल्याला एक सांगून ठेव गं," म्हणाल्या. सकाळी तो त्यांच्याच जुन्या साडीत गुंडाळून मी पिशवीत घातला. रस्त्यात कुणी घाबरायला नको, म्हणून वर मेथीची जुडी ठेवली. पिशवी किनेटिक स्कूटरवर पायाशी.

पेठ रोडला नाकाबंदी होती. शिट्टी वाजली. मिशा ओळखीच्या निघाल्या.

"नमस्कार मॅडम. पिशवीत काय?"

"मेथी."

"आणि मेथीखाली?"

"साडी."

"आणि साडीत?"

त्यांनी घडी उलगडली. "अरे, हा तर आपला कोयता!"

"शेतीचं अवजार आहे ते," मी म्हणाले.

"तुमची शेती कुठं?"

"मी कॉलेज रोडला राहते."

"तिथं काय पिकतं?"

कोयता परत दिल्याचा कोर्टाचा कागद काळ्या कोटात होता. कोट घरी, खुंटीला. हवालदारांनी जुडी अलगद माझ्या हातात दिली. "मॅडम, जो लपवून नेतो तो शस्त्र नेतो. मी पिंजऱ्यात उभा होतो. नीट ऐकलंय."

इथपर्यंत मला हसू येत होतं. मग ते म्हणाले, "जप्त केला तर मालकाचं नाव लिहावं लागेल," आणि हसू पळालं. काशिनाथ भोये हे नाव मुलाखतीच्या तोंडावर पुन्हा पोलिसांच्या कागदावर! तेही माझ्या मेथीपायी.

"हवालदारसाहेब, माझ्यावर काय लिहायचं ते लिहा. त्या माणसाला यात आणू नका. चार दिवसांनी पोलीस पाटलाची मुलाखत आहे त्याची."

ते मिशीवरून हात फिरवत राहिले. मग जोडीदाराला म्हणाले, "आलोच," आणि माझ्या मागच्या सीटवर बसले. "चला. पण झाकायचा नाही."

हवालदारांनी कोयता छातीशी उभा धरला आणि आमची वरात निघाली. पुढे मांडीवर मेथी घेतलेली वकीलबाई, मागे कोयता घेतलेले हवालदार. कांद्याच्या ट्रकनेसुद्धा साइड दिली.

टपरीवर काशिनाथभाऊंनी आम्हाला येताना पाहिलं आणि हातातला चहा सांडला. हवालदार पाटीच्या पलीकडे जाऊन उभे राहिले, मूठ पुढे केली.

"घ्या पाटील. अडकवा."

कोयता आकडीत गेला. मुलाखत झाली. काशिनाथभाऊ खरंच पाटील झाले.

पुढे एका निवडणुकीत हुकूम सगळ्या जिल्ह्याला लागू झाला. गावात तो वाचून दाखवायचं काम पोलीस पाटलाचं. नंतर ते नागलीचं पीठ घेऊन घरी आले तेव्हा मी विचारलं, "हुकूम वाचताना कोयता कुठे होता?"

"कमरेला."

"अहो!"

"हुकूम पुरा वाचला, बाई. मग खाली तुमचा कायदा सांगितला. उघडा ठेवायचा, झाकून न्यायचा नाय. लोकांना तोच कळला."

माझा दीर लंडनहून आला होता, तो सांगत होता की तिथे खिशात घडीचा चाकू तीन इंचांच्या आतला चालतो, पण उघडल्यावर पातं लॉक होत असेल तर नाही. दिल्लीचा नऊ इंची कायदा वेगळा, आयुक्तांचा पंधरा दिवसांचा वेगळा. आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर माझा चालतो. कुठल्याही पुस्तकात तो नाही. मोडणारी आजवर मी एकटीच निघाले.