शाप, मंगळवारी बंद

आमच्या घराण्यात तीन पिढ्यांपासून शाप आहे आणि तो दर मंगळवारी बंद असतो.

खुलासा करतो. आम्ही म्हैसूरचे मराठी. पूर्वजांनी कापड रंगवलं, मी चामराजपुरममध्ये ब्लाउजपीस विकतो. इथल्या कन्नड जिभेवर 'शॉप'चा 'शाप' होतो आणि आमची जीभ आता निम्मी कन्नडच आहे. 'दुकान' हा शब्द घरातून कधी गेला, कुणाला कळलंही नाही.

माझ्या दीपाला बघायला साताऱ्याची मंडळी आली. मुलगा इथेच, म्हैसूरजवळच्या कडकोळच्या कारखान्यात कामाला. दीपाने त्याला आधीच पसंत केलं होतं, म्हणून सकाळपासून बजावत होती, "अप्पा, कमी बोला!" (कमी बोललो असतो तर सांगायला उरलं काय असतं?)

मुलाच्या आईने विचारलं, "आपण काय करता?"

"शाप हाय की! आज्जापासून. आज्जा गेले, बाबांना आलं. बाबा गेले, मला आलं!"

बाईंनी चिरोटी खाली ठेवली. "आणि... तुमच्यानंतर?"

"एकच पोरगी नव्हे का री! तिलाच. जावईबापूंनी पण सोबत बसायचं!"

मुलाचा चेहरा उतरला. वडील निवृत्त संस्कृत शिक्षक. त्यांनी घसा खाकरला. "याला उःशाप नाही का काही?"

आता कन्नडमध्ये 'हू' म्हणजे फूल. मी खूश! "हू शाप? हाय की! शेजारीच, भावाचं. लग्नातल्या माळा तिथूनच!"

बाई पर्स घेऊन उठल्या. तेवढ्यात दीपा आतून रडवेली धावत आली. "अप्पा! दुकान म्हणा, दुकान!"

मग मास्तर इतके हसले की चिरोटीचा चुरा माझ्या सदऱ्यावर आला. लगेच तासही घेतला. "मूळ धातू 'शप्'. त्यातूनच शाप आणि त्यातूनच शपथ. देवाला साक्षी ठेवून दुसऱ्याचं वाईट चिंतलं की शाप, स्वतःला बांधून घेतलं की शपथ. आणि उःशाप म्हणजे शापातून सुटका. आता शपथेवर सांगा, दुकानच ना?"

मी देवघराकडे हात केला. "देवाशपथ, शापच हाय!"

तरीही लग्न झालं. जावई आता दर रविवारी माझ्यासोबत काउंटरवर बसतो. परवा मित्राने त्याला फोनवर विचारलं, "कुठे आहेस?"

"सासऱ्यांच्या शापात."

उच्चार साताऱ्याचा, अगदी शुद्ध. नेमका कुठला शाप, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही!